एबोलावर लस आहे, औषध आहे. तरी साथीत इतके मृत्यू का?

मृद्गंध
काँगोच्या कासाई प्रांतात बुलापे भागात ४ सप्टेंबर २०२५ ला एबोलाची साथ जाहीर झाली आणि १ डिसेंबरला ती संपल्याचं सांगण्यात आलं. एकूण ६४ रुग्ण, त्यातले ४५ दगावले. दहातले सात! विषाणू झाईर जातीचा, म्हणजे ज्यावर लस आणि औषधं दोन्ही आहेत तोच. १९७६ साली काँगोतल्याच याम्बुकूत हाताशी काहीच नव्हतं, तेव्हा ३१८ पैकी २८० गेले. मधल्या काळात एवढं संशोधन होऊनही आकडा असा का? औषध चालत नाही, पोचत नाही, की मोजण्यातच काही गोम आहे? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं. उपचार आणि प्रतिबंध, दोन्हींबद्दल चालेल.

टिटवी
औषध चालतं, हे आधी स्पष्ट करते. नोव्हेंबर २०१८ ते ऑगस्ट २०१९ या काळात पूर्व काँगोत 'पाम' नावाची चाचणी झाली. चार औषधं समोरासमोर होती. २८ दिवसांत दगावलेल्यांचं प्रमाण झेडमॅपवर ४९.७%, रेमडेसिविरवर ५३.१%, एमएबी११४ वर ३५.१% आणि रीजेन-ईबी३ वर ३३.५%. शेवटच्या दोन्हींचा फायदा इतका उघड दिसला की चाचणी मध्येच थांबवून पुढच्या रुग्णांना हीच दोन द्यायचं ठरलं. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत दोन्हींना मान्यता मिळाली (एमएबी११४ म्हणजे इबांगा, दुसरं इनमाझेब). ऑगस्ट २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन्हींची ठाम शिफारस केली.

आता त्याच चाचणीतले आतले आकडे बघा. ज्यांच्या रक्तात विषाणू कमी होता (पीसीआर चाचणीचा सीटी आकडा २२ च्या वर; तो जितका मोठा तितका विषाणू कमी), त्यांच्यात ही औषधं मिळूनही दगावले ते साधारण दहात एक. ज्यांच्यात विषाणू जास्त होता त्यांना तेच औषध, तीच मात्रा, तेच डॉक्टर मिळाले, आणि गेले जवळजवळ दोनतृतीयांश. लक्षणं सुरू झाल्यापासून दाखल व्हायला जितके दिवस उशीर, त्यातल्या दर दिवसामागे मृत्यूची शक्यता ११% वाढत गेली. ही दोन्ही औषधं अँटीबॉडी आहेत, आणि अँटीबॉडी विषाणूला नव्या पेशीत शिरू देत नाही. यकृताची आधीच झालेली नासधूस तिला भरून काढता येत नाही. म्हणून माझ्या मते खरा प्रश्न ताप आल्यापासून खाटेपर्यंत गेलेल्या दिवसांचा आहे.

नचिकेत_द
मोजण्याबद्दल. साथ 'जाहीर' होते ती प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर. बुलापेत पहिली ज्ञात रुग्ण २० ऑगस्टला रुग्णालयात आली, गर्भवती होती, २५ ऑगस्टला गेली. ४ सप्टेंबरला घोषणा झाली तेव्हा २८ संशयित आणि १५ मृत्यू नोंदले गेले होते, त्यात चार आरोग्य कर्मचारी. या १५ जणांपर्यंत औषध पोचण्याचा प्रश्नच नव्हता, कारण रोगाचं नावच ठाऊक नव्हतं. ६४ पैकी ४५ या आकड्यात घोषणेआधीचे असे मृत्यूही आहेत. उपचार केंद्रात वेळेत पोचलेल्यांचा हिशोब वेगळा करायला हवा. एकत्र आकडा दिला की औषध कुचकामी वाटतं आणि लोक केंद्रात यायला आणखी कचरतात.

अबोली
टिटवी, अँटीबॉडीला एवढं श्रेय देताना सलाईन विसरू नका. पश्चिम आफ्रिकेच्या साथीत अमेरिका आणि युरोपात मिळून २७ रुग्णांवर उपचार झाले, त्यातले ५ गेले. म्हणजे १८.५%. त्या वेळी मान्यता मिळालेलं एकही औषध नव्हतं. त्याच साथीत गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये ११,००० हून अधिक मृत्यू झाले. फरक मुख्यतः देखभालीचा होता.

एबोलाचा रुग्ण रक्त वाहून मरतो ही समजूत डोक्यातून काढा. बहुतेकांना तसा मोठा रक्तस्राव होतच नाही. जुलाब आणि उलट्या होतात, मोठ्या माणसाला दिवसाला पाच लिटर किंवा त्याहून जास्त. पाणी जातं, त्याबरोबर पोटॅशियम जातं, रक्तदाब पडतो, मूत्रपिंडं बंद पडतात. खाटेखाली खुणा केलेली बादली ठेवून किती गेलं ते मोजायचं आणि तेवढं भरून काढायचं. रुग्ण पिऊ शकत असेल तर ओआरएस: एक पाकीट एका लिटरात, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून आणखी सावकाश. पिता येत नसेल किंवा नाडी जलद आणि हातपाय गार असतील तर शिरेतून रिंगर लॅक्टेट (क्षारांचं सलाईन). पोटॅशियम आणि साखर खाटेशीच तपासता येणारं यंत्र हवं. लहान मुलांत साखर झपाट्याने उतरते. दिवसातून निदान तीनदा नाडी, रक्तदाब, श्वास आणि लघवी बघायचीच. श्वास वाढला, छातीत घुरघुर आली तर सलाईन आवरतं घ्यायचं, नाहीतर पाणी फुप्फुसात साठतं.

सोबत मलेरियाचं औषध आणि सेफ्ट्रियाक्सोनसारखं प्रतिजैविक सुरू करतात, कारण दोन्ही आजार जोडीला असू शकतात आणि अहवालाची वाट बघण्यात वेळ जातो. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नाही. स्नायूत इंजेक्शनही टाळायचं.

टिटवी
अबोली, ते २७ जण अतिदक्षता विभागात होते आणि बऱ्याच जणांना प्रायोगिक औषधंही मिळाली होती, त्यामुळे तुलना सरळसोट नाही. 'पाम'मध्ये चारही गटांना सारखीच सलाईनची देखभाल होती, तरी दोन गटांत मृत्यू सुमारे १५ टक्के गुणांनी कमी. तो वाटा औषधाचाच.

अबोली
मान्य. दोन्ही हवीत. माझं म्हणणं एवढंच की औषधाची पेटी येईपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही, ओआरएस पहिल्या तासापासून देता येतं.

पिंपळपान
औषधाच्या मात्रेचं कोणी लिहिलं नाही म्हणून. इबांगा एकदाच, ५० मिग्रॅ प्रति किलो, शिरेतून साधारण तासाभरात. कुपी ४०० मिग्रॅची, कोरड्या पुडीची. ६० किलोच्या माणसाला ३,००० मिग्रॅ लागतं, म्हणजे साडेसात, प्रत्यक्षात ८ कुप्या उघडाव्या लागतात. निर्जंतुक पाणी घातल्यावर कुपी हलके गोल फिरवायची. खळखळून हलवली की फेस येतो आणि प्रथिन बिघडतं. घाईत नेमकं हेच होतं, कारण दुहेरी हातमोज्यात बोटांना अंदाज येत नाही. शक्यतो औषध हिरव्या, म्हणजे सुरक्षित भागात तयार करून आत पाठवावं.

इनमाझेबमध्ये तीन अँटीबॉडी एकत्र आहेत, प्रत्येकी ५० मिग्रॅ प्रति किलो, तेही एकदाच. ते द्यायला जास्त वेळ लागतो. दोन्ही २ ते ८ अंशांत ठेवायची. त्यातल्या त्यात इबांगा दुर्गम केंद्राला सोयीचं, कारण रुग्णाजवळ कमी वेळ थांबावं लागतं. एमएबी११४ ची मूळ अँटीबॉडी १९९५ च्या किक्वितच्या साथीतून वाचलेल्या माणसाच्या रक्तातून मिळाली. काँगोचे डॉ. मुयेम्बे आणि त्यांची संस्था या कामात पहिल्यापासून होती.

खारूताई
मग इतक्या उशिरा कळतं कसं? अहवालाला वेळ लागतो का?

नचिकेत_द
यंत्राला फारसा लागत नाही. जीनएक्स्पर्ट या पीसीआर यंत्रावर साधारण दोन तासांत उत्तर मिळतं. वेळ जातो तो 'हा एबोला असेल' असं कुणाच्या मनात येईपर्यंत. पहिले दोन-तीन दिवस ताप, डोकेदुखी, अंगदुखी, गळून गेल्यासारखं वाटणं. मलेरिया, टायफॉइड अगदी असेच सुरू होतात. मलेरियाची झटपट चाचणी सकारात्मक आली की माणूस गोळ्या घेऊन घरी जातो, आणि ती सकारात्मक असली तरी एबोला नाही असं होत नाही.

दुसरा धोका उलट बाजूचा. लक्षणं सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत घेतलेला नमुना नकारात्मक आला तर त्यावर भरवसा ठेवायचा नाही, कारण रक्तात विषाणू अजून पुरेसा नसतो. ७२ तास उलटल्यावर पुन्हा नमुना घ्यायचा, तोवर रुग्ण वेगळ्या खोलीत, आणि ती खोली पक्क्या रुग्णांपासूनही वेगळी. नाहीतर मलेरियाचा रुग्ण केंद्रातच एबोला घेऊन जायचा.

रातराणी
लसीबद्दल मी लिहिते. एर्वेबो, एकच डोस, १ मिलि, दंडात. २०१५ मध्ये गिनीत वर्तुळ पद्धतीने तिची चाचणी झाली. रुग्ण सापडला की त्याच्या संपर्कातले आणि त्या संपर्कांच्या संपर्कातले, दोघांना लस. लगेच लस मिळालेल्यांत दहाव्या दिवसानंतर एकही रुग्ण निघाला नाही. २०१८-२० च्या पूर्व काँगोतल्या साथीत तीन लाखांवर लोकांना ती दिली गेली आणि तिथल्या नोंदींवरून परिणामकारकता ८४% निघाली.

गाडी अडते ती थंडीवर. साठवण उणे ६० ते उणे ८० अंशांत. त्यासाठी खास डबे असतात (आर्कटेक), ते वीज नसताना काही दिवस तेवढं तापमान टिकवतात. एकदा वितळली की २ ते ८ अंशांत १४ दिवस, खोलीच्या तापमानाला ४ तास. पुन्हा गोठवायची नाही. म्हणून आधी वर्तुळाची यादी तयार करायची, मग मोजून तेवढ्याच कुप्या वितळवायच्या. यादी अर्धवट असताना पेटी उघडली तर लस वाया जाते नाहीतर ज्यांना गरज नाही त्यांना टोचली जाते.

शतपावली
मग सगळ्या प्रांतालाच टोचून टाका की. याद्यांची कटकटच संपेल.

रातराणी
जगाचा राखीव साठा ५ लाख डोसांचा धरलेला आहे, २०२१ पासून, आणि एकेका प्रांतात लाखो लोक. शिवाय संरक्षण यायला साधारण दहा दिवस लागतात. आग जिथे आहे तिथे आधी ओतावं लागतं. आरोग्य कर्मचाऱ्यांना मात्र साथ नसतानाच लस द्यावी या मताची मी आहे. बुलापेतले चार कर्मचारी आठवा.

आणखी एक: संसर्ग झाल्यावर लस मिळाली तरी ती वाया जात नाही. पूर्व काँगोतल्या रुग्णांत लस न घेतलेल्यांपैकी ५६% दगावले, घेतलेल्यांपैकी २५%. म्हणजे 'आता काय उपयोग' म्हणून संपर्कातल्या कुणालाही वगळू नये.

नचिकेत_द
रातराणी, एक पुस्ती. लस घेतल्यावर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, आणि नेमका तोच माणूस संपर्क यादीत असतो. त्याला खरा एबोला आहे का, हे जीनएक्स्पर्टवर ओळखता येतं, कारण ती चाचणी विषाणूचे दोन भाग शोधते, एनपी आणि जीपी. लसीत फक्त जीपी आहे. एनपी नकारात्मक आणि जीपी एकटं सकारात्मक असेल तर ते लसीचं असण्याची शक्यता मोठी. एनपी सकारात्मक म्हणजे रुग्ण. अहवाल वाचणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर धडधाकट माणूस रुग्णांच्या खोलीत जाऊन पडेल.

केतकी
प्रतिबंधात क्लोरीनचा विषय निघायलाच हवा, कारण रोज चुका होतात त्या इथे.

दोन तीव्रता: ०.५% फरशी, खाटा, सांडलेलं रक्त, उलटी, मृतदेहाची पिशवी यांसाठी, आणि ०.०५% ही सौम्य. एचटीएच म्हणजे ७०% कॅल्शियम हायपोक्लोराइटची पूड असेल तर ०.५% साठी लिटरला ७ ग्रॅम. २० लिटरच्या बादलीला १४० ग्रॅम. ०.०५% ला २० लिटरमध्ये १४ ग्रॅम. ५% चं ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी केलं की ०.५%. डब्यावर किती टक्के लिहिलंय ते आधी वाचा. ३५% ची पूड ७०% समजून घातली की द्रावण निम्मं होतं, आणि डोळ्यांना किंवा नाकाला फरक कळत नाही. चाचणीची पट्टी बुडवून बघणं हाच उपाय.

एचटीएचचा चुनखडीसारखा गाळ तळाशी बसतो. तो ढवळून तसाच भरला तर पंपाची तोटी तुंबते. अर्धा तास निवळू द्यायचं, वरचं निवळ काढून घ्यायचं. द्रावण रोज ताजं करायचं, उन्हात ठेवायचं नाही, साबण किंवा आम्लाच्या बादलीत मिसळायचं नाही.

सांडलेल्या रक्तावर सरळ क्लोरीन ओतून लगेच पुसणं चूक. आधी कापड किंवा शोषून घेणारं काही टाकायचं, त्यावर ०.५% ओतायचं, १५ मिनिटं थांबायचं, मग ते उचलायचं, मग साबणाच्या पाण्याने धुवायचं आणि शेवटी पुन्हा क्लोरीन. घाण तशीच असली की क्लोरीन तिच्यातच खर्ची पडतं, विषाणूसाठी काही उरत नाही.

पिंपळपान
सगळं पटलं, पण मग फवारणी का नाही? पंपाने अख्खी खोली पाच मिनिटांत होते. पुसायला माणूस आत जास्त वेळ थांबतो, म्हणजे धोका वाढतोच की.

केतकी
फवाऱ्याने पृष्ठभाग ठिपक्याठिपक्याने ओला होतो, सगळीकडे १५ मिनिटं भिजत नाही, आणि जोरदार फवारा उलटीचे थेंब उडवतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची सूचनाही पुसण्याच्या बाजूने आहे. माणसांवर फवारा तर नकोच, पोशाख उतरवणाऱ्या कर्मचाऱ्यावरही नको: डोळे चुरचुरले की हात आपोआप चेहऱ्याकडे जातो. हातांना शक्यतो अल्कोहोल किंवा साबण-पाणी. ०.०५% क्लोरीन दुसरं काहीच नसेल तेव्हाच, कारण रोज वापरून कातडी फाटते आणि फाटलेली कातडी म्हणजे विषाणूला उघडं दार.

पिंपळपान
चेहऱ्याकडे हात जाण्याचा मुद्दा लक्षात आला नव्हता. ठीक, पुसणंच.

अबोली
पोशाखाचं केतकीने काढलं म्हणून लिहिते. पोशाख चढवताना फारसं बिघडत नाही, बिघडतं ते उतरवताना. उकाड्यात ४५ ते ६० मिनिटांनंतर चष्म्यावर वाफ धरते, घाम डोळ्यात उतरतो, माणूस थकलेला असतो आणि त्याच अवस्थेत सगळ्यात जोखमीचं काम करायचं असतं. समोर एक निरीक्षक उभा हवा, जो एकेक पायरी मोठ्याने सांगेल आणि मधेच थांबवू शकेल. एप्रन, मग डोकं-मान झाकणारं, मग अंगरखा आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत, त्याच्याबरोबर बाहेरचे हातमोजे. आतले हातमोजे अजून हातात असतात. चष्मा आणि मास्क शेवटाकडे, पट्टी मागून धरून, डोळे मिटून, पुढच्या बाजूला हात न लावता. दर पायरीनंतर हात स्वच्छ.

खारूताई
अंत्यविधीचं काय? मृतदेहातून पसरतो म्हणतात.

नचिकेत_द
हो, मृत्यूच्या वेळी शरीरात विषाणू सर्वात जास्त असतो, आणि आंघोळ घालणं, स्पर्श करणं हा कित्येक ठिकाणी विधीचा गाभा आहे. पश्चिम आफ्रिकेत सुरुवातीला पांढऱ्या पोशाखातली माणसं यायची, फवारा मारायची, पिशवीत भरून न्यायची. घरच्यांना थडगं कुठे आहे तेही कळायचं नाही. परिणाम असा की लोक रात्री गुपचूप पुरायला लागले. मग पद्धत बदलली. आता पथक आधी साध्या कपड्यांत घरी जातं, बोलतं, परवानगी घेतं. घरच्यांना सुरक्षित अंतरावरून चेहरा दाखवतात, त्यांनी दिलेले कपडे किंवा वस्तू पथक पिशवीत ठेवतं, प्रार्थना होते, थडग्यावर नाव लागतं. तोंडाच्या आतून बोळ्याने नमुना घेतात, म्हणजे मृत्यू एबोलाने झाला का ते कळतं आणि वर्तुळ आखता येतं. मला हा प्रतिबंधाचा सर्वात परिणामकारक भाग वाटतो, लसीच्याही आधी.

रातराणी
लसीच्या आधी म्हणणार नाही, पण बरोबरीने, हो.

टिटवी
एक सावधगिरी सगळ्यांसाठी. वरची औषधं आणि एर्वेबो फक्त झाईर जातीसाठी आहेत. युगांडात २०२२ मध्ये सुदान जातीची साथ आली, १४२ पक्के रुग्ण, त्यातले ५५ गेले, आणि मान्यताप्राप्त लस किंवा औषध नव्हतं. २०२५ मध्ये कंपालात तीच जात पुन्हा आली, तेव्हा घोषणेनंतर चार दिवसांत नव्या लसीची वर्तुळ चाचणी सुरू झाली, कारण डोस आणि चाचणीचा आराखडा आधीच तयार ठेवले होते. पण जात कळेपर्यंत आणि औषध नसताना उरतं ते अबोलीने लिहिलेलं सलाईन आणि केतकीची बादली.

रातराणी
बरे झालेल्यांबद्दलही लिहायला हवं. सुट्टी मिळते ती लक्षणं गेल्यावर आणि ४८ तासांच्या अंतराने दोन पीसीआर नकारात्मक आल्यावर. तेव्हा तो माणूस घरी जेवायला, मिठी मारायला, कामावर जायला मोकळा आहे. मात्र डोळा, मेंदू, वृषण अशा जागी विषाणू दडून राहू शकतो. पुरुषांच्या वीर्याची तपासणी तिसऱ्या महिन्यापासून करतात. दोन नकारात्मक येईपर्यंत, आणि तपासणी मिळत नसेल तर १२ महिने, कंडोम वापरायचा. २०२१ मध्ये गिनीत साथ उद्भवली त्यातला विषाणू २०१४-१६ च्या विषाणूशी जवळजवळ जुळला, म्हणजे तो इतकी वर्षं कुणा वाचलेल्याच्या शरीरात होता. यात दोष त्या व्यक्तीचा नाही. हे सांगताना गावकरी त्याला वाळीत टाकणार नाहीत याची काळजी घ्यावीच लागते, नाहीतर पुढचा रुग्ण लपून बसतो.

मृद्गंध
सगळ्यांचे आभार. म्हणजे ६४ पैकी ४५ या आकड्यात घोषणेआधीचे मृत्यू आहेत आणि नंतरचे बरेचसे उशिरा आलेले. समजा एकच गोष्ट सुधारायची झाली, तर कुठली?

शतपावली
माझं मत: यंत्र जवळ आणा.

टिटवी
यंत्राच्या एक पायरी आधी, शतपावली. गावच्या दवाखान्याच्या दारातली छाननी. दारातच, आत येण्याआधी, एक मीटर अंतरावरून स्पर्श न करता ताप बघायचा आणि तीन प्रश्न विचारायचे: गेल्या २१ दिवसांत कुणा आजाऱ्याची सेवा केली का, अंत्यविधीला गेला होता का, घरात किंवा शेजारी कुणी अचानक गेलं का. उत्तर 'हो' असेल तर माणूस सर्वांच्या बाकावर न बसता थेट वेगळ्या खोलीत. हे काम एका परिचारिकेचं आहे. तिला हातमोजे, तापमापक आणि कुणाला फोन करायचा तो क्रमांक एवढं हवं, आणि फोन केल्यावर त्याच दिवशी नमुना न्यायला माणूस आला पाहिजे. तो आला नाही तर दुसऱ्या वेळी ती फोन करणार नाही.

केतकी
त्या खोलीला स्वतंत्र संडास हवाच. नसेल तर झाकणाची बादली, तळाशी ०.५% क्लोरीन घालून. आणि त्या परिचारिकेला लस आधीच मिळालेली असू दे.